मशीनला कळलं, माणसाला नाही कळलं, तर ते सायन्स का?

प्रश्न थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई ४४ वर्षांच्या आहेत, २० वर्षं शाळेत सायन्स शिकवतात. काही महिन्यांपूर्वी नववीतल्या एका मुलीने भर वर्गात विचारलं, "मॅडम, उद्या मशीनने सगळे शोध लावले आणि माणसाला ते कळलेच नाहीत, तर ते सायन्स असेल का? मग आम्ही कशाला शिकायचं?" ताईंनी "हे सिलॅबसमध्ये नाही, नंतर बोलू" म्हणून वेळ मारून नेली, आणि ते नंतर कधी आलंच नाही. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. त्या रोज रात्री तासभर सायन्सचं काहीतरी वाचायच्या, तेही आता बंद केलंय, कारण वाचावं तेवढं आपल्या डोक्याबाहेरचं वाटतं. त्यांना वाटतं की सोपे शोध लावून झाले, उरलेले माणसाच्या मेंदूच्या कुवतीबाहेरचे आहेत (कुत्र्याला कितीही शिकवलं तरी कॅल्क्युलस येणार नाही, तसेच आपण), आणि आता जे काही सापडेल ते मशीनला सापडेल. त्या विचारतात, त्या मुलीला काय सांगू, मुलांना सायन्सकडे जा म्हणणं ही फसवणूक तर नाही ना, आणि मी स्वतः पुन्हा वाचायला घेऊ की सोडून देऊ?

ताई,

आधी त्या मुलीबद्दल. तिने जे विचारलं आणि तुम्ही जे ऐकलं त्यात फरक आहे, हे मला पत्र दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं. तिने विचारलं की न कळता नुसतं उत्तर मिळालं तर त्याला सायन्स म्हणायचं का. तुम्ही ऐकलं की आता आपलं काही उरलं नाही. तिचा प्रश्न फार चांगला आहे, या विषयात आयुष्य घालवलेले लोकही आज त्याच्यावर अडलेत. तुमची भीती मात्र तीन वेगवेगळ्या गोष्टींची एकच गाठ बसल्यामुळे एवढी जड झालीय असं मला वाटतं, म्हणून एकेक पदर सुटा करून बघू.

सोपे शोध संपले हे थोडं खरं आहे, मी नाकारणार नाही. हिग्ज बोसॉन नावाचा मूलकण असणार असं १९६४ मध्ये कागदावर मांडलं गेलं आणि तो सापडला २०१२ मध्ये, त्यासाठी जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचं मशीन बांधावं लागलं, आणि २०१५ मध्ये त्याचं वस्तुमान सांगणारा जो पेपर आला त्यावर ५,१५४ जणांची नावं होती, ३३ पानांपैकी २४ पानं नुसती नावांची आणि त्यांच्या संस्थांची. एकट्याने खोलीत बसून जग हलवायचे दिवस कमी झालेत. पण अवघड होणं वेगळं आणि संपणं वेगळं. अशा वेळी मायकेलसन या अमेरिकन फिजिसिस्टची गोष्ट सांगायची पद्धत आहे, १८९४ मध्ये तो म्हणाला होता की फिजिक्समधलं मुख्य ते हाती आलंय, पुढचं काय ते दशांशाच्या सहाव्या घरात शोधायचं, आणि पुढच्याच वर्षी एक्स-रे सापडले, मग १८९६ ला रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी, १८९७ ला इलेक्ट्रॉन. गोष्ट खरी आहे, पण तिच्या भरवशावर निश्चिंत होऊ नका, एकदा तसं झालं म्हणून दर वेळी तसंच होईल असा काही नियम नाही.

मला स्वतःला धीर येतो तो एका जंतामुळे. सी. एलिगन्स नावाचा जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा जंत, त्याच्या अंगात मोजून ३०२ न्यूरॉन (मज्जापेशी) असतात, आणि कुठला न्यूरॉन कुठे जोडलाय याचा अख्खा नकाशा १९८६ मध्ये छापून आला. म्हणजे वायरिंग हातात येऊन किती वर्षं झाली बघा. तरीही नुसत्या त्या नकाशावरून हा जंत पुढच्या क्षणी कुठे वळेल हे आजही नीट सांगता येत नाही. तीनशे दोन न्यूरॉन फक्त! आपल्या डोक्यात साधारण ८६ अब्ज आहेत. आणि वर आकाशात बघायचं तर ज्या पदार्थाचे तारे आणि आपण बनलोय तो विश्वातला ५ टक्क्यांच्या आसपास, बाकीच्याला डार्क मॅटर आणि डार्क एनर्जी अशी नावं दिलीत, पण ते आहे काय ते माहीत नाही. एवढं सगळं पडून असताना काम संपलं असं कसं म्हणायचं?

आता कुत्र्याचं. ही उपमा मला कधीच नीट पटली नाही. कुत्र्याला कॅल्क्युलस येत नाही हे खरं, पण आपल्याला काहीतरी येत नाहीये हेही त्याला माहीत नसतं, आणि त्याच्याकडे कागद नसतो. कागदाची गोष्ट मी मुद्दाम काढतोय. दहा आकडी दोन संख्यांचा गुणाकार तुम्हाला मला तोंडी जमणार नाही, मग आपण म्हणतो का की गुणाकार मानवी मेंदूच्या पलीकडे आहे? पेन्सिल घेतो आणि करतो. चार मितींची जागा आजवर कोणाच्या डोळ्यांसमोर उभी राहिली असेल असं मला वाटत नाही, पण तिच्यातली गणितं लोक सहज करतात. उघड्या मेंदूत मावत नाही ते आपण चिन्हांत, आकृतीत, दुसऱ्या माणसाच्या डोक्यात ठेवतो आणि हवं तेव्हा काढून घेतो, हे हजारो वर्षं चाललंय.

म्हणून तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी अडलो, तो शब्द म्हणजे "कळणं". तुम्ही असं धरून चाललाय की कळणं म्हणजे अख्खी गोष्ट, एकाच डोक्यात, तळापर्यंत, आणि वर "हो हे असंच असणार" असं आतून वाटलंही पाहिजे. या मापाने न्यूटनलाही गुरुत्वाकर्षण कळलं नव्हतं. किती जोर लागतो ते त्याने चोख सांगितलं, पण तो कशामुळे लागतो याबद्दल आपल्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत सरळ लिहून टाकलं की मी अंदाज रचत बसत नाही. पुढे १९१५ मध्ये आइन्स्टाइनने एक मजला आणखी खाली नेला, आणि त्याचं ते गणित अणूंच्या जगाचे नियम सांगणाऱ्या क्वांटम सिद्धांताशी अजून जुळलेलं नाही म्हणजे खाली आणखी मजला असणार. कळणं हे असं मजल्यामजल्याचं असतं, आणि तुम्ही वर्गात जो मजला शिकवता तो खोटा ठरत नाही खाली आणखी मजले आहेत म्हणून.

पण मर्यादा नाहीतच असं मी म्हणत नाहीये. असे प्रश्न असतील जे आपल्याला विचारताही येणार नाहीत, आणि ते नाहीत हे मला सिद्ध करता येणार नाही. फक्त ती रेघ नेमकी कुठे आहे हे नुसत्या अंदाजाने सांगायला गेलं की फसायला होतं. ऑगस्ट कॉम्ट या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३५ मध्ये लिहिलं की तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीच कळणार नाही, आणि त्या काळी ते अगदी शहाणपणाचं वाटलं असेल, कारण ताऱ्यावर जाऊन तुकडा कोण आणणार? तो १८५७ मध्ये गेला आणि १८५९ मध्ये किर्खोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी प्रकाशातल्या रेघांवरून मूलद्रव्य ओळखायची पद्धत काढली. हेलियम तर १८६८ च्या ग्रहणात आधी सूर्याच्या प्रकाशात दिसला आणि पृथ्वीवर हाती लागला १८९५ मध्ये. तुकडा आणायची गरजच पडली नाही. कॉम्टला वाटेत आडवी दिसली ती त्याला माहीत असलेल्या पद्धतीची मर्यादा होती, पुढची पद्धत कशी असेल ते त्याला दिसणं शक्यच नव्हतं.

याउलट जिथे मर्यादा खरोखर सिद्ध झालीय तिथे काय झालं तेही बघा. ८ सप्टेंबर १९३० ला हिल्बर्ट या नामवंत गणितज्ञाने तेव्हाच्या जर्मनीतल्या क्योनिग्जबर्ग शहरात भाषणात ठासून सांगितलं की आपल्याला कळलंच पाहिजे आणि कळेलच. त्याच्या आदल्याच दिवशी, त्याच शहरात, गोडेल नावाच्या २४ वर्षांच्या गणितज्ञाने एका चर्चेत सांगून टाकलं होतं की अंकगणितात अशी खरी विधानं असतात जी ठरवलेल्या नियमांतून सिद्ध करता येत नाहीत. मग १९३६ मध्ये ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने दाखवलं की कुठलाही प्रोग्राम कधी थांबेल की थांबणारच नाही हे दर वेळी बरोबर सांगणारा एक प्रोग्राम लिहिणं शक्य नाही, आणि हे सिद्ध करण्यासाठी त्याने जे कल्पनेतलं मशीन मांडलं त्यातूनच कॉम्प्युटरची मूळ कल्पना आली! म्हणजे मर्यादा सापडली ती माणसाच्या डोक्याला सापडली, आणि सापडल्यावर रस्ता बंद व्हायच्या ऐवजी नवा फुटला. तुमच्यासाठी यातली जास्त महत्त्वाची गोष्ट अशी की या मर्यादा मशीनलाही आहेत. हवामानाचं पण तसंच, लोरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये दाखवलं की सुरुवातीचा बारीकसा फरक पुढे वाढत जातो, त्यामुळे साधारण दोन आठवड्यांपलीकडे रोजचं हवामान नेमकं सांगणं कोणालाच जमत नाही, कितीही मोठं मशीन आणा. माणूस अडतो तिथून पुढे मशीन मोकळं सुटतं असं तुम्ही जे धरलंय ते सगळीकडे खरं नाही.

आता मुलीचा प्रश्न. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण यातली काळजी खरी आहे.

प्रोटीनचं उदाहरण घ्या. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, ती कशी दुमडून कुठला आकार घेईल हा पन्नास वर्षं जुना प्रश्न होता, लोक एकेका प्रोटीनच्या आकारासाठी कित्येक महिने, कधी वर्षं घालवायचे, आणि २०२० मध्ये अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रामने तो बऱ्याच अंशी सोडवला, २०२२ पर्यंत २० कोटींहून जास्त प्रोटीनचे अंदाजे आकार सगळ्यांसाठी खुले झाले, २०२४ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलचा अर्धा वाटा ते बनवणाऱ्यांना मिळाला. यात दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, ते मशीन शिकलं कशावरून, तर माणसांनी लॅबमध्ये दशकानुदशकं बसून काढलेल्या आकारांवरून. दुसरी, ते शेवटचा आकार सांगतं, पण साखळी तिथपर्यंत कशी पोहोचते, का तशीच दुमडते, हे त्या उत्तरातून आपोआप समजत नाही. तुमची विद्यार्थिनी नेमकं यावरच बोट ठेवतेय.

पण न कळता मिळालेलं उत्तर ही काही मशीनने आणलेली नवी भानगड नाही. प्राचीन बॅबिलोनमधल्या (आजच्या इराकमधल्या) लोकांनी शेकडो वर्षं नोंदी ठेवून शोधलं की ग्रहणं साधारण १८ वर्षं ११ दिवसांनी पुन्हा त्याच क्रमाने येतात, आणि त्या आकड्यांवर ते ग्रहण कधी होऊ शकेल ते सांगायचे, सावलीचा हिशेब न करता. अ‍ॅस्पिरिन १८९७ मध्ये तयार झालं आणि ते शरीरात नेमकं काय करतं हे कळलं १९७१ मध्ये, मधली जवळजवळ पाऊणशे वर्षं लोक गोळी घेत होते आणि दुखणं थांबत होतं.

आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण, जे तुमचं पत्र वाचल्या वाचल्या आठवलं, ते एका शिक्षकाचं आहे. योहान बाल्मर. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायचा, फिजिक्सचा नावाजलेला माणूस वगैरे अजिबात नाही. हायड्रोजनच्या प्रकाशात चार रंगीत रेघा दिसतात, त्यांच्या तरंगलांबी मोजलेल्या होत्या, पण त्या आकड्यांमध्ये काय नातं आहे ते कोणाला सापडत नव्हतं. बाल्मरने वयाच्या साठाव्या वर्षी, १८८५ मध्ये, त्यांना बांधणारं एक साधं सूत्र काढलं. का बरोबर येतं ते त्याला माहीत नव्हतं आणि त्या वेळी माहीत असणं शक्यच नव्हतं, इलेक्ट्रॉनच सापडायचा होता. १८९८ मध्ये तो गेला, ते का हे न कळताच. १९१३ मध्ये नील्स बोर या डॅनिश फिजिसिस्टने अणूची कल्पना मांडली आणि तिच्यातून बाल्मरचं सूत्र आपोआप बाहेर पडलं.

मग २८ वर्षं ते सूत्र सायन्स नव्हतं का? माझ्या मते होतं, पण अर्धं. आणि उरलेलं अर्धं काय असतं ते पुढे दिसलं. हायड्रोजनच्याच समजल्या जाणाऱ्या काही रेघा होत्या ज्या त्या सूत्रात नीट बसत नव्हत्या, बोर म्हणाला या हायड्रोजनच्या नाहीतच, एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत, आणि ते बरोबर निघालं. नुसत्या सूत्राला हे सांगता आलं नसतं. तर मी कळण्याचं माप हे धरतो: उत्तर कुठे चालेल आणि कुठे चुकेल हे आधी सांगता येतं का? येत असेल तर काहीतरी कळलंय, भले तळापर्यंत नसेल. येत नसेल तर उत्तर कितीही अचूक असो, ते अजून बॅबिलोनच्या तक्त्यासारखं आहे.

त्या मुलीला हेच सांगा, आणि माझी काळजीही लपवू नका. मशीन उत्तर देतं याची मला भीती वाटत नाही, उलट चावायला एवढं नवं खाद्य माणसाला कधी मिळालं नव्हतं. भीती अशी वाटते की उत्तर बरोबर येत राहिलं की "का" विचारायची भूकच मरते, ग्रहण वेळेवर होतंय ना, मग सावलीच्या मागे कशाला लागा. बाल्मरच्या सूत्राला तो "का" भेटला कारण कोणीतरी तो विचारत राहिलं. मशीनच्या उत्तरांना कोण विचारणार? विचारणारी माणसं शाळेतच तयार होतात, आणि तुमच्या वर्गात एक तर तयार झालेली आहे.

मुलांना सायन्सकडे जा म्हणणं फसवणूक आहे का, तर तुम्ही काय कबूल करता त्यावर आहे. "तू मोठा शोध लावशील" असं सांगत असाल तर हो, ती फसवणूक आहे आणि ती आधीही होती. खरं सांगा. की हजारो जणांमधला एक म्हणून काम करावं लागेल, बरेच दिवस काहीच जमणार नाही, आपण सुरू केलेलं आपल्या हयातीत पुरं होईलच असं नाही. हे ऐकून ज्याचे डोळे विझतील त्याला जबरदस्ती करू नका, दुसरं काही करण्यात कमीपणा नाही. आणि हे ऐकूनही जो "पण का?" विचारत राहील त्याला अडवू तर मुळीच नका.

तुमच्या वाचनाबद्दल माझं मत जरा ठाम आहे. बंद करू नका, पण पूर्वीसारखंही वाचू नका. रोज रात्री नवा विषय, आज ब्लॅक होल, उद्या मेंदू, परवा क्वांटम कॉम्प्युटर, असं वाचलं की माणूस दमणारच, कारण प्रत्येक दारातून डोकावायचं आणि आत कुठेच बसायचं नाही. सहा महिने एकच गोष्ट घ्या, छोटी घ्या, आणि पेन घेऊन वाचा. गणित आलं की पुढे उडी मारू नका, सोडवून बघा, अडलं की अडलेली ओळ वहीत लिहून ठेवा. आणि दर आठवड्याला ते कोणाला तरी सांगा, सांगताना जिथे जीभ अडखळते तिथेच आपल्याला कळलेलं नसतं. तुमच्यासारखी पत्रं इतरही लिहितात, कोणी इंजिनिअर, कोणी नातवाच्या प्रश्नांना घाबरलेले आजोबा, त्यांनाही मी हेच सांगतो. डोक्याबाहेरचं वाटतं त्यातलं बरंचसं भरभर वाचल्यामुळे तसं वाटतं. थोडं उरेल जे खरंच डोक्याबाहेरचं असेल, ते तसं आहे हेही तेव्हाच समजेल.

आणि त्या मुलीकडे परत जा. काही महिने झाले, आता कसं काढायचं असं वाटत असेल तरी जा. वर्गातच सांगा की तू विचारलं होतंस तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं म्हणून मी टाळलं, आणि तेव्हापासून विचार करतेय. शिक्षकाला एखादी गोष्ट माहीत नसते आणि तरी तो ती सोडत नाही हे मुलांनी समोर बघणं फार गरजेचं आहे, पुस्तकातून ते दिसत नाही.

मग फळ्यावर चार आकडे लिहा, ६५६, ४८६, ४३४, ४१०. हायड्रोजनच्या चार रेघा, नॅनोमीटरमध्ये. एवढंच सांगा की यांच्यात नातं आहे, शोधा, आणि एक अख्खा तास त्यांना झगडू द्या, मध्ये बोलू नका. कोणाला नाही सापडलं तरी हरकत नाही, भल्याभल्यांना सापडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ३६४.५६ हा आकडा द्या आणि चार अपूर्णांक द्या, ९/५, ४/३, २५/२१, ९/८, गुणून बघायला सांगा. मग दुसरा ४/३ च्या ऐवजी १६/१२ आणि चौथा ९/८ च्या ऐवजी ३६/३२ असा लिहून दाखवा, वर ३, ४, ५, ६ चे वर्ग आणि खाली त्यातून ४ वजा, वर्गात कोणाच्या तरी तोंडून आवाज निघेल बघा. का ते सांगू नका. बोर नंतर येऊ दे.

शेवटी त्या मुलीला पुढे बोलवा आणि पाचवी रेघ काढायला लावा, म्हणजे ३६४.५६ गुणिले ४९/४५. बाल्मरने पण ती अशीच कागदावर काढली होती, आणि मग त्याला कळलं की ती रेघ आधीच कोणीतरी पाहिलेली आहे. उत्तर ३९७ च्या आसपास यायला हवं.